अंगठा नडला नाही, आप्पा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, साताऱ्यात असतो. सगळे आप्पा म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. नाव मात्र छापू नका. माझी पुतणी, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, पुण्यात आहे. बँकेतली नोकरी सोडून तिने डब्यांचा व्यवसाय सुरू केला होता. गेल्या महिन्यात तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा मेसेज टाकला की व्यवसाय बंद करते आहे, साथ दिलीत त्याबद्दल सगळ्यांचे आभार वगैरे. मी तो पूर्ण वाचला. वाईट वाटलं. नेहमीप्रमाणे अंगठा दाबला. दोघातिघांनी हात जोडले. बाकीच्यांनी वाचून काहीच केलं नाही. रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन, "दादा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला आधी कळेचना की मी केलं काय! माझा अंगठा म्हणजे 'वाचलं', एवढंच. मी सगळ्यांनाच अंगठा देतो. ज्यांनी काहीच दाबलं नाही ते सुटले आणि मी अडकलो. नातू म्हणतो, अंगठा काढा आणि रडका चेहरा लावा. लावू का? आणि यापुढे काय दाबायचं? तसं नोकरी सोडू नकोस हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, पण तो विषय वेगळा.
— आप्पा, सातारा

आप्पा,

विषय वेगळा नाही हो. तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य खरं तर पहिलं यायला हवं होतं.

तुम्ही अंगठा दाबलात तेव्हा तुमच्या मनात 'वाचलं' एवढंच होतं, हे मी मानते. पण पुतणीला नुसता अंगठा दिसला नाही. नोकरी सोडताना तुम्ही काय म्हणाला होता, कुणाकुणासमोर म्हणाला होता, हे सगळं त्याच्यासोबत दिसलं. (नेमके शब्द तुम्ही लिहिलेले नाहीत, पण "बँकेतली नोकरी कुणी सोडतं का?" याच्या आसपासचंच काहीतरी असणार. आपल्याकडे काका लोकांचं हे वाक्य ठरलेलं असतं.) ज्या माणसाने तेव्हा नको म्हटलं, त्याच माणसाकडून धंदा बंद केल्याच्या बातमीवर उभा, पिवळा, टवटवीत अंगठा! 'बरं झालं, मी सांगतच होतो' असा अर्थ तिने लावला. तिच्या जागी मी असते तर मीही तोच लावला असता.

आता समजा, हाच अंगठा तिच्या आत्याने दिला असता. आणि समजा, ही आत्या सुरुवातीला तिच्या स्वयंपाकघरात मसाले दळून देत होती. मग तोच अंगठा 'असू दे पोरी, पुढचं बघ' असा वाचला गेला असता आणि ग्रुप सोडायची वेळ आली नसती. चित्र तेच, फोन तोच. बटणाला स्वतःचा अर्थ फार थोडा असतो. उरलेली जागा समोरचा माणूस भरतो, आणि तुमच्या-त्याच्यातल्या जुन्या हिशेबातून भरतो. हिशेब स्वच्छ असेल तर अंगठा चालून जातो. बाकी असेल तर ती बाकी त्याच्यावर चढते.

हे घरगुती रुसव्याफुगव्यापुरतं आहे असं समजू नका. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात अगदी याच प्रश्नावर खटला झाला. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला. बुशेलला (हे तिकडचं धान्याचं माप) १७ डॉलर भाव, माल नोव्हेंबरमध्ये द्यायचा. खाली लिहिलं, करार मान्य असल्याचं कळवा. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. नोव्हेंबर येईपर्यंत भाव ४१ डॉलरवर गेला, आणि माल काही आला नाही. कोर्टात शेतकऱ्याचं म्हणणं काय होतं? अगदी तुमचंच, आप्पा! अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. मान्य आहे असं मी कुठे म्हटलं? जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. आता यातली मेख ऐका. न्यायाधीशांनी दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वीच्या करारांनाही हा शेतकरी मोबाइलवर 'ओके', 'यप' असं एखाद्या शब्दात उत्तर द्यायचा आणि नंतर मुकाट्याने माल पोचवायचा. त्या सवयीवरून या अंगठ्याचा अर्थ ठरला. दाबणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा त्या दोघांमध्ये आधी काय घडत आलं होतं, ते मोलाचं ठरलं. तुमच्या पुतणीने कोर्टाइतकाच रीतसर विचार केला आहे, फक्त तिला वेळ कमी लागला.

तुम्ही लिहिता, "मी सगळ्यांनाच अंगठा देतो." हा तुम्ही बचाव म्हणून मांडला आहे, पण तो तुमच्यावरच उलटतो. नियंत्रकाच्या खिडकीत इतकी वर्षं बसल्यावर एका ओळीत नोंद करायची सवय हाडीमाशी खिळते, हे मी समजू शकते. गाडी वेळेवर आली तरी एक ओळ, खंबाटकीत अडकून प्रवाशांच्या शिव्या खात आली तरी एक ओळ. नोंदवहीला तेवढंच लागतं. पण नातीचा वाढदिवस, टाकीच्या पाण्याची वेळ आणि पुतणीने तीन परिच्छेदांत लिहिलेलं मन, या तिघांना एकच खूण मिळाली की तिसरीला वाटतं, आपली नुसती नोंद झाली.

या बटणाचा जन्म कशासाठी झाला तेही थोडं पाहू, म्हणजे त्याच्याकडून काय मागायचं ते कळेल. फेसबुकने लाइकचं बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आणलं. आधी कंपनीत त्याचं नाव 'ऑसम', म्हणजे 'भन्नाट', ठेवायचं चाललं होतं. एखाद्याने लग्नाची बातमी टाकली की खाली 'अभिनंदन', 'मस्त', 'अभिनंदन' अशी रांग लागायची आणि त्यात जे कुणी खरोखर काही लिहायचं ते बुडून जायचं. ती रांग गुंडाळून एका आकड्यात बसवायची सोय म्हणजे लाइक. सोय चांगलीच होती. आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर साठ माणसं ओळीने 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहितात तेव्हा मला त्या बटणाची फार आठवण येते. पण हे बटण आनंदाच्या, एकसारख्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिक्रियांसाठी होतं. लोक पुढे त्यावर दुखवटाही ठेवू लागले. कुणी वडील गेल्याचं लिहिलं की खाली दोनशे लाइक. २०१५ च्या सप्टेंबरात खुद्द फेसबुकच्या प्रमुखाने, झुकरबर्गने, जाहीरपणे मान्य केलं की घरात मृत्यू झाला किंवा निर्वासितांचे हाल कुणी मांडले तर त्यावर लाइक करणं बरं वाटत नाही. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये हृदय, हसू, आश्चर्य, रडू आणि राग आले. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत हृदय कवटाळलेला आणखी एक चेहरा आला. व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरला की जी चित्रांची रांग येते ती मे २०२२ पासूनची. सुरुवातीला सहाच चित्रं होती, आणि त्यात अंगठा पहिला. तुमचं बोट तिथेच पडलं, त्यात विशेष नाही.

तर तुमचा नातू म्हणतो तो रडका चेहरा. लावू नका, आप्पा. पोरगं हुशार आहे, पण त्याने हा प्रश्न फोनचा समजला. तो चेहरा सांगतो की तुम्हाला वाईट वाटलं. कशाचं वाईट वाटलं ते सांगत नाही. तिने बंद केलं म्हणून, की मुळात सुरू केलं म्हणून? तुमच्याकडून आलेला रडका चेहरा 'बिचारीने बँक सोडली' असाही वाचता येतो. ज्यांनी हात जोडले त्यांचंही तेच. आपल्या ग्रुपवर जोडलेले हात बहुधा 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली येतात. डब्यांचा धंदा बंद केला म्हणून कुणी हात जोडले तर पोरीला वाटायचं, आपला दहावाच घातला की काय! चेहरे सहाचे साठ करा, साठाचे सहाशे करा, ही अडचण तशीच राहते. कुठल्याही चित्राला 'तेव्हा मी जे बोललो ते मागे घेतो' असं म्हणता येत नाही, आणि तुमच्या पुतणीला तुमच्याकडून नेमकं तेवढंच हवं आहे. शिवाय महिन्याभराने चित्र बदललंत तर ते कुणीतरी बघणारच, आणि भाऊ म्हणेल, दादांनी फोन झाल्यावर चेहरा बदलला. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता तुमची तक्रार, की काहीच न दाबणारे सुटले. ती रास्त आहे आणि मला तुमची बाजू इथे घ्यायची आहे. गप्प बसणाऱ्याला 'कामात होतो', 'नेट नव्हतं', 'काय लिहावं सुचेना' अशा दहा वाटा मोकळ्या राहतात, आणि जो काहीतरी करतो त्याचंच माप निघतं. निळ्या खुणा पडूनही पंधरा-वीस माणसं मुकी राहिली याचं दुःख पुतणीला तुमच्या अंगठ्यापेक्षा कमी झालं असेल असं मला वाटत नाही. फक्त मुकेपणावर रागावता येत नाही, अंगठ्यावर येतं. तुमच्या वाट्याला त्या सगळ्यांचा राग आला, असं म्हणा हवं तर. पण हे तिला सांगायला जाऊ नका. "बाकीच्यांनी तर तेवढंही केलं नाही" हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर मी दिलेला बाकीचा सगळा सल्ला वाया गेला म्हणून समजा.

मग करायचं काय? फोन. तोही तिलाच, तिच्या वडिलांमार्फत नव्हे. पुतणी मोठी आहे, व्यवसाय चालवलेली बाई आहे. "तुझ्या मुलीला सांग, माझा तसा हेतू नव्हता" हा निरोप तिला आणखी लहान करतो. संध्याकाळी सात-साडेसातला करू नका. डब्याच्या धंद्यातल्या माणसाची ती धांदलीची वेळ असायची, आणि धांदल थांबल्यावर तीच वेळ खायला उठते. किंवा नेमकी तेव्हाच करा, तुम्ही तिला जास्त ओळखता. उचलला नाही तर लगेच दुसरा, तिसरा असे करू नका. व्हॉइस मेसेज ठेवा. एका मिनिटाच्या आतला.

काय बोलायचं ते सुचणार नाही असं तुम्ही म्हणाल, म्हणून एक मसुदा देते, तुमच्या भाषेत वळवून घ्या: "बाळ, आप्पा बोलतोय. तुझा मेसेज त्या दिवशी पूर्ण वाचला. मला लिहिता येईना म्हणून अंगठा दाबला, तो तुला कसा दिसला असेल ते आता कळतंय. तू सुरू करताना मी नाही नाही ते बोललो होतो. ते मी बोलायला नको होतं. तू धंदा उभा केलास, चालवलास, ते मला जमलं नसतं." आणि थांबा. इथे 'पण' आणू नका. "पण तुझ्या भल्यासाठीच" हे शब्द जिभेवर येतील, ते गिळा. काका लोकांची माफी 'पण'वर येऊन बिघडते, हे माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून सांगते.

'वाचला' म्हणताना वाचल्याचा पुरावाही द्या. तिने त्यात काहीतरी खास लिहिलं असणार. पहिलं गिऱ्हाईक कोण, कुठली भाजी लोकांना आवडायची, कोणत्या मदतनीस बाईंचे आभार मानले. त्यातलं एक उचला आणि विचारा. "त्या मावशींचं आता काय, दुसरीकडे काम लागलं का?" एवढा एक प्रश्न शंभर चेहऱ्यांना भारी पडतो, कारण तो दुसऱ्या कुणालाही न शोभणारा, तिच्याच मेसेजमधून उचललेला असतो. बटण दाबायला वाचावं लागत नाही, ही त्याची मोठी पंचाईत आहे. न वाचता दाबलेला अंगठा आणि तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचून दाबलेला अंगठा पलीकडे सारखाच दिसतो.

पैशाचं विचारायचं की नाही, हा नाजूक भाग. बंद झालेल्या धंद्यामागे बहुतेक वेळा काहीतरी देणं राहतं. जागेचं भाडं, गॅसच्या शेगड्यांचे हप्ते, किराणावाल्याची बाकी. तुमची थोडीफार द्यायची तयारी असेल तरच विचारा, आणि रक्कम मनात ठरवून विचारा. तयारी नसेल तर "काही लागलं तर सांग" हे म्हणू नका. तेही तोंडाने दाबलेलं बटणच. त्यापेक्षा भांडी-शेगड्या विकायच्या असतील तर साताऱ्यात कुणी केटरर आहे का ते बघतो म्हणा. तुमच्या ओळखी स्टँडभर आहेत, हे काम तुमच्या हातचं आहे. आणि जमलं तर एक दिवस पुण्याला जा. साताऱ्याहून गाड्या ढीगभर आहेत, ते मी तुम्हाला काय सांगणार! जाताना कंदी पेढे न्यायला हरकत नाही. तिच्याकडे जेवायचा आग्रह झाला तर मात्र नाही म्हणू नका. तिच्या हातचा डबा तुम्ही कधी खाल्ला होता का, हे पत्रात नाही. नसेल खाल्ला, तर तेही तिला माहीत आहे.

यापुढे काय दाबायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सिलिंडर आला, पोचलो, लग्नाची तारीख बदलली, उद्या पाणी नाही: अंगठा खुशाल दाबा. तिथे त्याच्यासारखं काम दुसरं कुणी करत नाही, आणि 'ओके, मेसेज मिळाला, धन्यवाद' असं लिहून बाकीच्यांचे फोन वाजवण्यापेक्षा ते बरं. ज्याने चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंय, आणि त्यात काहीतरी सुरू झालंय किंवा संपलंय, तिथे बोट थांबवा. मराठी टाइप करायला त्रास होतो हे तुमच्या वयाच्या बहुतेकांचं खरं कारण असतं, आणि लाजेने कुणी सांगत नाही. कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, नातवाला मराठी भाषा लावून द्यायला सांगा. बोललेलं आपोआप उमटतं. कधी 'शेगडी'ची 'शेंडी' होते, पण माणसाला कळतं. दोन ओळी पुरतात. त्या सगळ्यांसमोर ग्रुपवर टाकायच्या की एकट्या माणसाला, हे लिहिणाऱ्यावर सोडते. पण जिथे तुमचं-त्याचं जुनं काही अडकलेलं आहे, तिथे ग्रुपवर काहीच नको, एकट्याला फोन.

मधली एक वाट आहे. ताबडतोब बोलणं सुचत नसेल तर "वाचलं. संध्याकाळी फोन करतो" एवढं लिहा. तुमच्या सवयीतला 'वाचलं' त्यात आहे आणि पुढचं वचनही आहे. फक्त मग संध्याकाळी फोन करा.

राहिला भाऊ. त्याच्याशी वेगळं बोला, आणि पुतणीशी बोलून झाल्यावर. "तुझ्या पोरीशी बोललो" एवढं पुरे, काय बोललात ते तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. त्याने फोन करून सरळ सांगितलं हे एका अर्थी चांगलंच झालं. कितीतरी घरांत असा राग वर्षानुवर्षं मुंजी-लग्नांत तोंडं फिरवत राहतो आणि कारण कुणी सांगत नाही.

आणि तिला ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई तुम्ही करू नका. ॲडमिन तुम्ही असलात तरीही. तुमचा फोन झाल्यावर लगेच आप्पांनी तिला सामील केलं अशी ओळ तिथे उमटली तर सगळ्या पाहुण्यांना कळेल की काहीतरी झालं होतं आणि आता मिटवलं गेलं. तिला यायचं असेल तर ती कुणालाही सांगेल. नसेल यायचं, तर तुमच्याकडे तिचा नंबर आहेच.